पॅडच्या आधी बर्फ

मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाचे पाणी पसरले आहे. तिथून पहाटे जाळ्यात आलेला रोहू किंवा कतला आठवडी बाजारात पोचेपर्यंत ऊन चांगलेच चढलेले असते, आणि नागपूरला पाठवायचा माल तर त्याहून उशिरा उतरतो. मासा मेला की त्याच्या कल्ल्यांतले, आतड्यांतले आणि कातडीवरच्या चिकट थरातले जिवाणू मोकाट सुटतात. जिवंतपणी त्यांना रोखून धरणारी यंत्रणा बंद पडलेली असते. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात बर्फाविना ठेवलेला मासा बारा तासही धड टिकत नाही. तोच मासा पाण्याबाहेर काढल्याबरोबर भरपूर बर्फात गेला, तर दोन आठवड्यांच्या आसपास खाण्याजोगा राहतो. बारा तास आणि दोन आठवडे यांच्यामधल्या या दरीवर आता एक नवा उपाय सुचवला जातो: जंतुरोधक ‘ॲक्टिव्ह पॅकेजिंग’. वेष्टनालाच जंतूंशी लढायला लावायचे, म्हणजे शीतगृहे, वातानुकूलित गाड्या आणि अखंड वीज यांची गरज कमी होईल आणि भंडाऱ्यासारखा जिल्हा एकदम पुढची पायरी गाठेल, अशी ही आशा आहे. तंत्र खरे आहे, उपयोगाचेही आहे. पण ते थंडीच्या जागी बसवता येत नाही, थंडीच्या पाठीवर बसूनच ते चालते. महाराष्ट्रात ज्या एका पिकाने ते यशस्वी करून दाखवले, त्या पिकाचा दाखलाही हेच सांगतो.

साधे वेष्टन माल झाकते. धूळ, हवा, ओल बाहेर ठेवते. ॲक्टिव्ह वेष्टन आतल्या मालाशी किंवा आतल्या हवेशी काहीतरी देवघेव करते. कधी ते प्राणवायू शोषून घेते, कधी ओल शोषते, कधी जंतूंना मारक असे द्रव्य हळूहळू सोडते. यातले काहीच परग्रहावरून आलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून संत्री-मोसंबी बायफेनिल लावलेल्या कागदात गुंडाळून बोटीने जात; त्याची वाफ हिरव्या-निळ्या बुरशीला दाबून ठेवी. पुढे युरोपने बायफेनिलची परवानगी काढून घेतली, हेही ध्यानात ठेवलेले बरे. जपानमध्ये केक-पावाच्या पाकिटांत इथेनॉलच्या पुड्या आल्या, चांदीचे आयन धरून ठेवणारी खनिजे प्लास्टिकमध्ये मिसळली गेली, आणि वसाबीतल्या झणझणीत द्रव्याचे कागदही जेवणाच्या डब्यांत आले. हे द्रव्य म्हणजे अलाइल आयसोथायोसायनेट. मोहरी फेसली की नाकात जाणारी झळ त्याच जातीची. लोणच्याच्या बरणीत मोहरीची पूड घालणाऱ्या घरोघरच्या बायांनी मीठ, आंबटपणा, तेलाचा थर आणि ही वाफ असे चार पहारेकरी एकाच वेळी उभे केले होते. पण नुसत्या मोहरीच्या भरवशावर ओली कैरी ठेवायचा वेडेपणा कुणी केला नाही. आजचे शास्त्र यालाच अडथळ्यांची शर्यत म्हणते: जंतूपुढे एकच उंच भिंत बांधण्यापेक्षा चार मध्यम अडथळे लावा. या रांगेतून एक अडथळा उचलून त्यालाच भिंत म्हणायचे, ही आजच्या जाहिरातींची खोड आहे.

आता तो दाखला. नाशिक आणि सांगलीकडची निर्यातीची द्राक्षे ज्या पेटीतून युरोपला जातात, तिच्यात एक कागदी पॅड असते. महाराष्ट्रात जंतुरोधक ॲक्टिव्ह पॅकेजिंगचा सर्वांत जुना, सर्वांत रुळलेला आणि तरीही त्या नावाने कधी न ओळखला जाणारा नमुना तो हाच. पॅडच्या थरांमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड बंद केलेली असते. पेटीतल्या दमट हवेची ओल तिला लागली की सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि करड्या बुरशीला, म्हणजे बोट्रायटिसला, अटकाव करतो. चांगल्या पॅडला दोन वेग असतात. पहिल्या एक-दोन दिवसांत वायूचा एक जोरदार लोट येतो, तो खुडताना मण्यांवर बसलेल्या बीजाणूंसाठी. त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या समुद्रप्रवासभर बारीक धार चालू राहते, ती एका सडलेल्या मण्यातून शेजारच्या मण्यात जाणारी बुरशी थोपवण्यासाठी. वायू कमी पडला तर पेटीत करडी लव दिसते. जास्त झाला तर मण्यांच्या देठाकडच्या बाजूला पांढरे डाग पडतात आणि चव बिघडते. शिवाय युरोपात द्राक्षांवर सल्फाइटचा अंश किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. थोडक्यात, हा पहारेकरी डोळ्यांत तेल घालून वापरावा लागतो.

या पेटीच्या बाबतीत क्रम पाहण्यासारखा आहे. द्राक्षे सकाळच्या गारव्यात खुडतात, सावलीत नेतात, खराब मणी कात्रीने काढून घड स्वच्छ करतात, तोलतात आणि पेटीत भरतात. मग पेट्या प्रीकूलिंगच्या खोलीत जातात. तिथे जोराने फिरवलेली थंड हवा काही तासांत फळाच्या गाभ्यातली उष्णता खेचून काढते. पॅड ठेवायचे ते त्यानंतर. मग प्लास्टिकचे अस्तर मिटायचे आणि पेटी शून्य अंशाच्या आसपासच्या शीतगृहात न्यायची. गरम फळावर पॅड ठेवून अस्तर मिटले तर आत पाणी सुटेल, पूड एकदम भिजेल आणि तीन-चार आठवड्यांचा वायू दोन दिवसांत उडून जाईल. म्हणजे पॅडचे वेळापत्रकच थंडीने लिहिलेले आहे. मग थंडी असताना पॅड हवेच कशाला? कारण बोट्रायटिस शून्याजवळही वाढतो. थंडी बाकी बहुतेकांना रोखते, याला पुरते रोखत नाही. पॅड त्या एका उरलेल्या शत्रूसाठी आहे. १९९१ साली द्राक्षनिर्यातीसाठी महाग्रेप्स ही संस्था उभी राहिली तेव्हा द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी नुसती पॅडे आणली नाहीत. प्रीकूलिंगची आणि शीतगृहांची सोय सोबत उभी केली. पॅड या साखळीतला शेवटचा आणि सर्वांत स्वस्त दुवा होता. तो आधी घेतला असता आणि बाकीचे मागाहून, तर द्राक्षे मुंबईच्या बंदरापर्यंतही नीट गेली नसती.

भंडाऱ्याच्या मासळीला हाच हिशेब लावून पाहू. समजा, माशाच्या एका ग्रॅमवर सुरुवातीला एक हजार जिवाणू आहेत आणि ते एक कोटीवर गेले की मासा वास मारू लागतो. हजाराचे कोटी व्हायला संख्या साधारण तेरा वेळा दुप्पट व्हावी लागते. आता एक चांगली जंतुरोधक फिल्म घ्या, शंभरातले नव्व्याण्णव जिवाणू मारणारी. त्यामुळे जंतूंना साडेसहा दुपटींची जास्तीची मजल मारावी लागेल. दुपटीला ऐन उन्हात अर्धा तास लागत असेल, तर या फिल्मने आपल्याला तीन-सव्वातीन तास मिळवून दिले. बर्फात दुपटीला आठ तास लागत असतील, तर त्याच फिल्मने दोन दिवसांहून अधिक वेळ दिला. फिल्म तीच, किंमत तीच. उन्हात ती तीन तास विकत घेते आणि बर्फात दोन दिवस. ज्याच्याकडे बर्फ आहे त्यालाच ती परवडते. आणखी एक बाजू आहे. मासा गढूळ पाण्यात धुतला, मळक्या गोणपाटावर ओतला, तर सुरुवातच एक हजाराऐवजी एक लाखाने होते. म्हणजे शंभरपट. फिल्मने जेवढे मारले तेवढे हातांनी आधीच भरून ठेवलेले असते, आणि सगळी कमाई तिथल्या तिथे वजा होते. आकडे मी सोयीचे धरले आहेत. जिवाणूची जात बदलली की ते बदलतील, पण गणिताची दिशा बदलणार नाही.

देशभरातल्या नासाडीच्या मोजणीतूनही हेच दिसते. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या अंदाजात पेरूची नासाडी १५.८८ टक्के होती, भाज्यांची पिकानुसार ४.५८ ते १२.४४ टक्के, गोड्या पाण्यातल्या मासळीची ५.२३ टक्के, समुद्रातल्या मासळीची १०.५२ टक्के. दूध मात्र अवघे ०.९२ टक्के. दुधाइतका नाशिवंत माल दुसरा नाही. तो उन्हात चार तास ठेवून पाहावा. तरीही तो सर्वांत कमी वाया जातो, आणि त्याची पिशवी तर अगदी साधी, पॉलिथिनची. तिच्यात ना चांदी, ना दुसरे कुठले जंतुरोधक द्रव्य. दूध वाचते ते दिवसातून दोनदा होणाऱ्या संकलनामुळे, गावागावातल्या शीतकरण टाक्यांमुळे आणि पाश्चरीकरणामुळे. वेळेचा शिस्तबद्ध बंदोबस्त हेच दुधाचे खरे वेष्टन. दूध नासले तर तोटा संघालाही बसतो आणि गवळ्यालाही, म्हणून दोघेही घड्याळ पाहतात. मासळीच्या व्यवहारात तोटा तलावाच्या काठावरच राहतो: ढिवर कुटुंबाने पकडलेला माल दुपारनंतर पडेल त्या भावात द्यावा लागतो आणि पुढचा खरेदीदार निर्धास्त असतो.

पहिला आक्षेप खर्चाचा आणि विजेचा आहे. शीतसाखळी महाग, खेड्यात वीज जाते-येते, मग वेष्टनाचा स्वस्त मार्ग का नाकारायचा? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात शीतसाखळी म्हणजे मोठे शीतगृहच असे धरून चालले आहे. मासळीला आधी शीतगृह लागत नाही, बर्फ लागतो. पस्तीस अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणायला साधारण पावणेचारशे ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. वरून येणाऱ्या उन्हाशी झुंजायला आणखी तेवढाच किंवा जास्त, म्हणून उन्हाळ्यात किलोला किलो हा ठोकताळा. बर्फ जिथे वीज आहे तिथे बनवता येतो आणि जाड भिंतीच्या पेटीत घालून तलावावर नेता येतो. वीज गेली म्हणून पेटीतला बर्फ लगेच दगा देत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फ कारखान्यांना, उष्णतारोधक वाहनांना, बर्फपेटी बसवलेल्या मोटारसायकलींनाही अर्थसाहाय्य आहे. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव पसरलेले आहेत, त्यांतले अनेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने आहेत. मोठ्या धरणापेक्षा या विखुरलेल्या तलावांसाठी मोटारसायकलवरची पेटी अधिक कामाची. फिल्मचे रोल आणण्याआधी अशा पेट्या किती तलावांवर पोचल्या हे मोजावे.

दुसरा आक्षेप अधिक लाघवी आहे: रसायन नको असेल तर नैसर्गिक घ्या. लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, दालचिनीचे तेल, झिंग्यांच्या कवचातून काढलेले कायटोसान. काचेच्या बशीतल्या पातळ रसात ही द्रव्ये जंतूंना झटपट लोळवतात यात शंका नाही. पण मासा म्हणजे पातळ रस नव्हे. त्याची चरबी तेलाला आपल्यात ओढून घेते, प्रथिने उरलेले बांधून ठेवतात, आणि जंतूपर्यंत थोडेच पोचते. मात्रा वाढवावी तर रोहूला लवंगेचा वास येतो. गिऱ्हाईक त्यालाच खराब माल म्हणेल आणि त्यात त्याची चूकही नसेल. कायटोसान जंतूला मारते ते आम्लात, त्याच्यावर धन प्रभार आल्यावर. उदासीन माध्यमात ते फारसे विरघळतही नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कायटोसानवर दीर्घकाळ काम केले आहे आणि ते मोलाचे आहे. पण त्यासाठी लागणारा कवचांचा डोंगर कोळंबी सोलणाऱ्या किनाऱ्यावर असतो, वैनगंगेच्या झिंग्यांतून तो उभा राहत नाही. स्थानिक साधन म्हणायचेच तर लाखेचे नाव घ्यावे. पूर्व विदर्भाच्या जंगलात पळस मुबलक, आणि रंगिनी जातीची लाख पळसावर पोसते. तिच्यापासून होणारा शेलॅक जगभर फळांच्या आणि औषधी गोळ्यांच्या लेपात आहे, आणि रांचीजवळच्या नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन चालू आहे. शेलॅक स्वतः जंतूंचा मोठा वैरी नाही. तो ओल अडवतो आणि दुसरे द्रव्य अंगावर वाहून नेतो. हे काम भंडाऱ्याला शोभणारे आहे, फक्त त्याचा उपयोग फळांवर, माशांवर नव्हे.

पळसाचे नाव निघालेच आहे तर त्याच्या पानाबद्दलही दोन शब्द. पानात बांधलेले मटण-मासळी हा या भागातला जुना व्यवहार. त्या पानात जंतुनाशक शक्ती असल्याचे दावे करण्याची हल्ली हौस दिसते. पान स्वच्छ असते, वाऱ्याला वाट देते, ओल धरून ठेवते आणि नंतर उकिरड्यावर कुजते. एवढे गुण पुरेसे आहेत. निदान वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा ते कैक पटींनी चांगले, ज्यात अन्न बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली आहे आणि जी मनाई बाजारात कुणी पाळताना दिसत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या बाजूच्या लोकांकडूनच येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. सडका वास हा गिऱ्हाइकाचा फुकटचा इशारा आहे. वास आणणारे जिवाणू बहुतेक वेळा आजार करणारे नसतात, आणि आजार करणारे बहुतेक वेळा वास आणत नाहीत. फिल्मने वास आणणाऱ्यांनाच दाबले तर मासा ताजा दिसत राहील आणि आत काहीतरी निमूटपणे वाढत राहील. हवा काढून बंद केलेल्या पाकिटात बोट्युलिझमच्या जिवाणूची एक जात साडेतीन अंशांच्या आसपासही वाढू शकते, आणि पाकीट उन्हात राहिले तर बाकीच्या जातींनाही रान मोकळे. याला उत्तर एकच: ज्या मालाची थंडी मोडली नाही याची खात्री नाही, त्याला असे वेष्टन देऊच नये. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला आणि बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद ठेवावी लागली. फॉर्मेलिनचा मोह होतो तो बर्फ वाचवण्यासाठी. ॲक्टिव्ह फिल्म फॉर्मेलिन नव्हे, दोन्हींना एका पारड्यात टाकणे अन्यायाचे आहे. पण बर्फाला पर्याय म्हणून विकली गेली तर ती त्याच मोहाची सभ्य आवृत्ती ठरेल.

भाजीपाल्याचे थोडक्यात. वांगी, टोमॅटो, भेंडी तोडल्यावरही श्वास घेतात. त्यांना घट्ट फिल्ममध्ये बांधले की घाम फुटतो आणि बुरशीला आयते अंगण मिळते. गोणीऐवजी क्रेट आणि उन्हाऐवजी सावली, इतक्यानेच बराच फरक पडतो. धानाची गोष्ट तर याहून सरळ आहे. आधारभूत केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचे धान घेतले जाते. बिनधोक साठवायला ते १४ च्या खाली हवे. मधल्या तीन टक्क्यांत बुरशीचे सगळे राजकारण आहे. ताडपत्रीखाली उघड्यावर थप्पी लावलेल्या धानावर अवकाळी पाऊस कोसळतो तेव्हा बारदाना जंतुरोधक आहे की साधा, याने काडीचा फरक पडत नाही.

मग भंडाऱ्याने कायम बर्फच फोडत बसायचे का, असा प्रश्न कुणी रागाने विचारील. नाही. बोट्रायटिसच्या पॅडने दाखवलेली जागा इथेही आहे: थंडी ज्याला रोखू शकत नाही असा उरलेला शत्रू. बर्फातल्या, शीतकपाटातल्या माशावरही मासा नासवणारे स्यूडोमोनास जिवाणू सावकाश वाढतात आणि आजार करणारा लिस्टेरियाही वाढतो. गोसीखुर्दचा मासा कापून, स्वच्छ करून, तुकडे पाकिटात घालून नागपूरच्या दुकानांत जायला लागला, तर तिथे जंतुरोधक अस्तराला खरे काम आहे. नायसिनसारखे द्रव्य, जे १९२८ मध्ये दुधातल्या जिवाणूंच्या अभ्यासात प्रथम लक्षात आले आणि अमेरिकेने १९८८ मध्ये अन्नात मान्य केले, लिस्टेरियाला आवरते. माणसाच्या औषधांत ते वापरात नसल्याने प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची भीतीही त्यात कमी. स्यूडोमोनासवर मात्र ते एकटे चालत नाही, म्हणून त्याला जोडीदार लागेल. चांदीच्या बाबतीत माझे मन अजून धजावत नाही: ती अन्नात किती उतरते, नाल्यात किती जाते याचा हिशेब प्रत्येक फिल्मसाठी वेगळा द्यावा लागेल. युरोपने अशा वेष्टनांसाठी २००९ मध्येच ४५० क्रमांकाचा वेगळा नियम केला, ज्यात सक्रिय द्रव्याची सुरक्षितता आधी तपासली जाते. आपल्या २०१८ च्या नियमांत प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यावर किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पण एकूण अंशाची मर्यादा हा नकोशा गळतीसाठीचा निकष आहे. मुद्दाम गळायला लावलेल्या द्रव्याला त्याने कसे जोखणार? त्याला नाव, मात्रा आणि लेबल हवे.

अशा अस्तराची चाचणी नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाला अवघड नाही, भंडारा तिथून साठ किलोमीटरवर आहे. फक्त ती प्रयोगशाळेच्या चार अंशांच्या कपाटात संपू नये. मासा पवनीच्या काठावरून घ्यावा, बर्फ बाजारातलाच असावा, पेटी मोटारसायकलवर बांधावी आणि महिना मे असावा. एका पेटीत अस्तर आणि बर्फ, दुसरीत नुसता बर्फ, तिसरीत बर्फ तेवढाच पण पिण्याजोग्या पाण्यापासून बनवलेला आणि मासा नीट धुतलेला. दुसरी आणि तिसरी यांच्यातला फरक पहिली आणि दुसरी यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा निघाला, तर योजनेचा पैसा पुढच्या वर्षी कशावर घालायचा याचा निर्णय जिल्हा परिषदेच्या एका बैठकीतही होऊ शकेल.